स्वरदा की सुप्रिया

६ जानेवारी, मंगळवार

डोकं फिरलंय! केशव सरांनी जाता जाता काम गळ्यात मारलं. "अपर्णा, स्वरदा आणि सुप्रिया — दोघींची तुलना लिहून दे. सोमवारपर्यंत. दुसरी पॉइंट गार्ड तू म्हणशील तीच." पहिली मी, अकरा वर्षं चेंडू वर नेऊन खेळ मीच रचते. बास्केटबॉल लीगचा उरलेला करार एकच. म्हणजे एकीला घरी मी पाठवायचं आणि सर नामानिराळे!

८ जानेवारी, गुरुवार

स्वरदा — वेग जबरदस्त. पहिलं पाऊल टाकलं की समोरची नुसती बघत राहते. उजवीकडून मस्त घुसते, लांबचा शॉटही बरा. पण ड्रिबल करताना मान खाली! अगं, चेंडू काय पळून जातोय? आणि तो हातातून गेला की तोंड फुगवून बसणार. शिवाय ओरडते. "ताई, इधर! ताई!" या संघात माझा नियम आहे — चेंडू मागायला ओरडायचं नाही, मूठ वर करायची. समोरच्यांना कशाला कळवायचं? सतरा वेळा सांगितलं. ढिम्म!

सुप्रिया — डावखुरी, म्हणून माझ्या डाव्या कोपऱ्यात खेळते. पास सुंदर, घाई नाही, कोण कुठे धावणार हे आधीच ओळखते. शॉट कच्चा. धक्का लागला की मागे सरकते. तेही चालवून घेतलं असतं. पण असते कुठे ही बाई? मी चेंडू घेऊन वर येते तेव्हा कोपरा रिकामा! आज तीनदा. विचारलं तर म्हणते, "ताई, मी तिथेच होते."

तोंडावर खोटं!

९ जानेवारी, शुक्रवार

स्कूटर पुन्हा डावीकडून घासली, तुलसी नगरच्या आमच्याच वळणावर. श्रीकांतचं सुरू — "मॅच डोक्यात घेऊन गाडी चालवतेस." नवऱ्याला बायकोचंच चुकलेलं दिसतं. खांब रस्त्यात आलाय ते नाही दिसत.

११ जानेवारी, रविवार

सराव सामना. एका गुणाने हरलो! शेवटचे आठ सेकंद, चेंडू माझ्याकडे. डावीकडे कोणी नाही. उजवीकडून स्वरदा किंचाळली, तिला दिला. शॉट रिंगवर आपटून बाहेर.

सुप्रिया रडवेली होऊन आली. "ताई, माझी मूठ वर होती." मी म्हटलं, "मूठ घरी ठेवून आली होतीस!" सगळ्या हसल्या. ती नाही हसली. सर हळूच म्हणाले, "लिहायच्या आधी व्हिडिओ बघ एकदा." कशाला? माझे डोळे काय फुटलेत?

१२ जानेवारी, सोमवार

दिलं लिहून. स्वरदा. सुप्रियाबद्दल शेवटी लिहिलं — जागेवर नसते आणि कबूलही करत नाही. सरांनी वाचलं, मान हलवली, संपलं. वाईट वाटतंय. वाटू दे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आणि सुप्रिया आली! पार आनंद नगरहून, तिळाच्या वड्या घेऊन. करार गेलेली मुलगी! मला इतकी लाज वाटली की पाणी आणते म्हणून आतच पळाले. ओट्यापाशी पेला भरून वळले तर थाडकन तिच्या हातावर. डबा उडाला, वड्या फरशीभर. वर मीच ओरडले, "चोरासारखी मागून काय येतेस!" ती खाली बसून वड्या वेचत राहिली.

ती गेल्यावर आई म्हणाली, "मागून कुठे गं? तुझ्या शेजारीच उभी होती, डबा पुढे धरून. दोनदा ताई म्हणाली." नळ चालू होता, ऐकू आलं नसेल. पण दिसायला काय झालं होतं? आई माझ्याकडे बघतच राहिली. तिची डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली हातातच. "माझा काचबिंदू असाच सुरू झाला, अपर्णा. मलाही वाटायचं, लोकच मध्ये येतात."

इतकी चिडले! तिला म्हटलं, तुझं दुखणं मला चिकटवू नकोस. नको होतं असं बोलायला.

१५ जानेवारी, गुरुवार

व्हिडिओ बघितला. आठच्या आठ सेकंद ती डाव्या कोपऱ्यात उभी आहे. एकटी, मोकळी. मूठ वर. माझाच नियम पाळत.

१७ जानेवारी, शनिवार

डोळ्यांची तपासणी. यंत्रावर हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, उजेड चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं, छान जमलं. डॉक्टरांनी कागद दाखवला, डावीकडचा सगळा भाग काळा. गेलेलं परत येत नाही म्हणाले. उरलेलं थेंब घालून राखायचं.

सरांना सांगितलं. मग सुप्रियाला फोन केला. "सोमवारी सरावाला ये. तू तिथेच होतीस. आणि गार्डची एक जागा रिकामी झालीय."

"कोणाची, ताई?"

माझी म्हटलं. तिला खरं वाटेना.