वळकटीचा सातवा खण

प्रिय नेव्हिल,

तू माझ्या दारापासून अकरा किलोमीटरवर राहतोस, गेल्या रविवारी माझ्याच टेबलाशी बसून मटण दोनदा मागून घेतलंस, आणि तरी ताईनं टपालानं पत्र पाठवलं म्हणून आता चष्मा पुसत असशील. पूस आणि वाच. फोनवर माझं काय होतं तुला माहीत आहे. कोंबड्या, पाऊस, पास्टरांची कंबर, आणि सांगायचं ते राहूनच जातं. सोबतचं पुडकं एवढ्यात फोडू नकोस. आधी पत्र संपव.

त्या दिवशी तू निघताना टेगननं तुला दारात गाठलं. "मामा, मोटरसायकलवर सिम्पसनचं वाळवंट पार करायला चाललेय. माझी हत्यारांची वळकटी तू बांधून दे ना." तू टोपी चाचपत म्हणालास, "दुकानात तयार संच मिळतात, बेटा. ज्याच्या हातून एकदा राहिलं, त्याच्या हातचं घेऊन वाळवंटात जाऊ नये." क्लाइव्ह म्हणाला, "अरे मेहुण्या, सोळा वर्षं झाली, आता तरी पुरे कर!" तू हसलास आणि लंगडत गाडीकडे गेलास. मी बशा विसळत होते. त्याच बशा मी पुन्हा विसळल्या.

पोरीनं मग तयार संच आणला. बेचाळीस नग, चकचकीत पेटी. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन किलो आठशे ग्रॅम भरली. मी अंगणात बसून एकेक पान्हा तिच्या गाडीला लावून पाहिला, तर एकोणीस पान्हे एकाही नटाला बसेनात. पंप नाही, ट्यूब नाही, आणि बाटल्या उघडायचं मात्र आहे! चार जुलैला ती निघणार. वाळूच्या अकराशे टेकड्या, सोबतीला तिच्याच वयाच्या दोन मुली. त्यांना पंक्चर काढता येतं, पण काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. हे शिकवणारा आपल्या भागात एकच माणूस आहे, आणि तो आता शेडमध्ये बसून फक्त पाण्याचे पंप दुरुस्त करतो.

तुझं बांधणं बघायला मला किती आवडायचं, हे मी तुला कधी म्हटलंच नाही. बाबांच्या जुन्या तंबूच्या कापडाची वळकटी मी शिवली होती, सात खणांची, तू सांगितलेल्या मापानं. तुम्ही मोटरसायकलींवर रानात फेरीला निघायच्या आधीच्या शनिवारी तू आमच्या अंगणात ताडपत्री अंथरायचास आणि क्लाइव्हची गाडी खोलायचास. चाकं, चेन, क्लच, सगळं, आणि तेही फक्त वळकटीतल्या हत्यारांनी. शेडमध्ये भिंतभर पान्हे टांगलेले असायचे, पण तिकडे जायची बंदी. क्लाइव्ह हळूच वळला की तू ओरडायचास, "दाजी, तिकडे रानात शेड असणार आहे का?" ज्याच्यावाचून अडलं ते वळकटीत जायचं, ज्याला हात लागला नाही ते बाहेर यायचं. ट्यूब एकच, पुढच्या चाकाची. मी विचारलं, मागचं फुटलं तर? तू म्हणालास, "पुढची मोठ्या चाकाची आणि बारीक, मागच्यात कोंबली तर घरापर्यंत आणते. मागची पुढे घालायला गेलं तर बसत नाही." क्लचची जादा वायर तू चालू वायरीलाच टेपनं बांधून ठेवायचास, म्हणजे तुटली की नुसती टोकं जोडायची. टेपचा गठ्ठा न नेता हातभर टेप पंपावर गुंडाळायची. पंक्चरचं सोल्यूशन मात्र दर फेरीला नवं. एकदा उघडलेली नळी आतून वाळते आणि बाहेरून कळत नाही, असं म्हणायचास. मी दहावीपर्यंत शिकलेली, पण इतकं नीटनेटकं डोकं मी शाळेतल्या कुठल्याही मास्तराचं पाहिलं नाही.

आणि एका फेरीला आलेला तो केल्विन आठवतो? "नेव्ह, ही वळकटी आहे की ताईचं भरतकाम?" म्हणून तुला हसला होता. स्वतः गाडीच्या दोन्ही पिशव्या भरून हत्यारं घेऊन आला, आणि दुपारी नदीच्या कोरड्या पात्रात पंक्चर होऊन बसला, पंप घरी. तू म्हणालास, "तीन-तीन पकडी आणल्यास ना, आता एकीनं फुंकर मार." मग मुकाट्यानं त्याचं चाक काढून पंक्चर जोडून दिलंस, आणि परत आल्यावर कुणाला सांगितलं नाहीस. ते मला केल्विननंच सांगितलं, चर्चच्या पायरीवर, लाजत लाजत.

वजनं करणं आणि वही ठेवणं माझ्याकडे होतं. काय गेलं, काय वापरलं, काय तसंच परत आलं. तीन फेऱ्या जे वापरलं नाही ते घरी ठेवायचं. "ताई, तुझ्या वहीपुढे माझं काही चालत नाही," म्हणायचास, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, आवश्यकतेपेक्षा जास्तच. फक्त सातव्या खणाला हा नियम नव्हता. त्यात फक्त ती राखाडी लांबीची, म्हणजे भोक बुजवायच्या पुट्टीची, कांडी. दगड लागून इंजिनाला भोक पडलं की तुकडा कापायचा, कणकेसारखा मळायचा, थापायचा, तासाभरात लोखंड. अकरा फेऱ्या ती कांडी जशीच्या तशी परत आली. मी म्हटलं, "काढ हिला, फुकटचं ओझं." तू म्हणालास, "ताई, ही परत येते म्हणून तर आपण नीट परत येतो." आणि तुझा दुसरा नियम होता, बांधलेली वळकटी गरज पडेपर्यंत उघडायची नाही. उघडली की काहीतरी बाहेर राहतं.

बाकी इकडची बातमी म्हणजे चर्चच्या कमिटीनं चहाचं नवं भांडं घ्यायचं ठरवलंय. जुनं अजून चांगलं चालतं. एरवी चालत्या वस्तूला टाकू देणारी मी नव्हे, पण या वेळी मीच हात वर केला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. जुन्या भांड्याच्या तोटीपाशी एक राखाडी ठिगळ आहे. तू ते पाहिलं असशील.

सोळा वर्षांपूर्वी सुगीच्या प्रार्थनेचा रविवार होता. वळकटी आदल्या दिवशी बांधून तू आमच्याकडे ठेवली होतीस, सोमवारी पहाटे तुम्ही दोघं निघणार होता. सकाळी चहाचं भांडं तोटीपाशी गळायला लागलं. दीडशे माणसं यायची, दुकान बंद. मी घरी आले, सातव्या खणाचं बटण काढलं, कांडी घेतली आणि बटण पुन्हा लावलं. मनात म्हटलं, अकरा वेळा लागली नाही, बाराव्यांदा कशाला लागेल? आणि देवाच्याच कामाला तर घेतेय. मी विसरले नव्हते, नेव्हिल. संध्याकाळी तू येऊन गेलास, तेव्हा मला आठवत होतं. ओझं कमी केलं असंच मला वाटत होतं.

मंगळवारी खडकानं क्लाइव्हच्या इंजिनाला भोक पाडलं. तू वळकटी उलगडलीस, आणि खण रिकामा. सगळं पाणी दाजीपाशी ठेवून तू सगळ्यात जवळच्या, सत्तर किलोमीटरवरच्या घराकडे गाडी मारलीस, घाईत नाल्यात पडलास, गुडघा मोडला, आणि उरलेले चार किलोमीटर फांदी टेकत गेलास, कारण कुणीतरी क्लाइव्हला आणायला जायला हवं होतं. क्लाइव्ह फाटलेल्या ओठांनी पण धड घरी आला. दवाखान्यात मी तुझ्याजवळ आले आणि मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "ताई, मी विसरलो गं." क्लाइव्ह म्हणाला, "जन्मात एकदा विसरला, तोही माझ्याच वेळी!" सगळे हसले. मीही हसले. सहा आठवड्यांनी तू कुबड्या घेऊन चर्चला आलास, आणि त्याच भांड्यातला चहा मी तुझ्या हातात दिला. दर रविवारी सगळ्यांबरोबर एका सुरात मी पापाची कबुली म्हणते. सगळ्यांबरोबर म्हणणं फार सोपं असतं.

तू काहीही विसरला नव्हतास. तुझ्या हातून त्या दिवशी काही राहिलं नव्हतं, त्याआधीही कधी नाही. हे क्लाइव्हला मी काल सांगितलं, टेगनला आज सकाळी. क्लाइव्ह अजून बोलत नाही, ते बरोबरच आहे. पुडक्यात तीच वळकटी आहे, धुतलेली, दोन शिवणी नव्या. सहा खण रिकामे आहेत. सातव्यात मी नवी कांडी ठेवली आहे. शनिवारी टेगन गाडी घेऊन तुझ्या अंगणात येईल. वाटलं तर माझ्याशी बोलू नकोस, मी समजेन. पण तिच्यासाठी ताडपत्री अंथर, गाडी तिच्याच हातून खोलून घे, आणि ती शेडकडे वळली तर तसाच ओरड. आणि बांधून झाली की वळकटी तिच्याच हातात दे. एक दिवससुद्धा माझ्या घरी ठेवू नकोस.

तुझीच ताई,
ग्लेनिस