गप्प बसण्याची तालीम

न्यूयॉर्क, १२ एप्रिल १९८१

ती. युला आत्यास,
लवेराचे सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. माझं नाटक मोठ्या थिएटरात लागतंय. हार्लेममध्ये लाँड्रीखालच्या तळघरात चाललं होतं तेच, धुणं धुणाऱ्या डेलाचं. नवरा अकरा वर्षं बेपत्ता असतो आणि एक दिवस हसत हसत, टोपी हातात घेऊन दारात उभा राहतो, ते. तळघरात लोक जिन्यावर दाटीवाटीनं बसून बघायचे. ते हॅलोरन नावाच्या गृहस्थांनी पाहिलं आणि आता मेपासून त्यांच्या ब्रॉडवेजवळच्या थिएटरात प्रयोग. लाल मखमलीच्या खुर्च्या आहेत, आत्या. लिहिलंय मी आणि बसवतेयही मीच. ते कुणी नामांकित दिग्दर्शक आणतो म्हणत होते. मी सांगितलं की डेला कुठे थांबते आणि का थांबते, हे माझ्याशिवाय दुसऱ्याला कळायचं नाही. बराच वेळ मिशी ओढून शेवटी हो म्हणाले.

पंधरा वर्षं मी इथं खानावळीत बश्या उचलल्या, शाळांच्या व्यायामशाळांत आणि चर्चच्या तळघरांत नाटकं केली, आणि तू दर पत्रात विचारत आलीस की हे खूळ कधी उतरणार. खूळ तुझ्याच तंबाखूच्या कोठारात लागलंय. नऊ वर्षांची असताना ईस्टरचं नाटक बसवलं होतं आणि एल्डनदादाला थडग्यावरचा धोंडा केलं होतं. धोंडा मध्येच शिंकला, तरी तूच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्यास. तेव्हा आता तक्रार करू नकोस.

गुडघ्यांना तेल लाव. लोभ आहे तो टपालखर्चाकडे न बघता वाढवत जावा.

तुझी,
लवेरा

विल्सन, नॉर्थ कॅरोलिना, २० एप्रिल १९८१

चि. लवेरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. वाचून जीव सुपाएवढा झाला. रविवारी चर्चमध्ये पास्टरसाहेबांनी मुद्दाम नाव घेऊन सांगितलं, तेव्हा व्हर्नेल इतक्या मोठ्यानं आमेन म्हणाली की पुढच्या बाकावरचं बाळ दचकून रडायला लागलं. तुला ठाऊकच आहे ती. देवानं तिला गळा दिला आणि झाकण द्यायला विसरला.

मखमलीचं कौतुक पुरे. मखमलीत पिसवा होतात, झटकून बसत जा. जेवतेस का वेळेवर? मागच्या फोटोत तुझी गळ्याची हाडं मोजता येत होती. इकडे वाटाणा लावून झाला. उकडलेल्या शेंगांची बरणी पाठवतेय, त्या नटांना वाटून संपवू नकोस.

एक सांगायचं राहिलं. आपल्या शाळेचे मुख्याध्यापक मिस्टर पेटवे चर्चच्या पायरीवर भेटले. जूनमध्ये इंग्रजीच्या बाई निवृत्त होतायत. लवेरा येत असेल तर जागा तिचीच, असं ते आपणहून म्हणाले. मी काही आग्रह करत नाही. नुसतं कानावर घालते. तुझी खोली रंगवून घेतलीय, तीही काही उद्देशानं नाही. भिंत खराब झाली होती. पण लेकरा, मी आता अडुसष्ट वर्षांची आहे आणि संध्याकाळी टेबलावर एकच ताट मांडायचा मला कंटाळा येतो.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
युला आत्या

न्यूयॉर्क, ४ मे १९८१

ती. एल्डनदादास,
सा. न. वि. वि.

डेट्रॉइटला सगळे खुशाल ना? वहिनीला सांग, स्वेटर अगदी मापात बसला. आता खरं काय ते लिहिते, कारण आत्याला लिहायची माझी छाती नाही.

नाटक पडतंय, दादा. कालपर्यंतचे सगळे प्रयोग मेल्यासारखे गेले. तळघरात काय व्हायचं तुला माहीत आहे. डेला वळून लोकांना विचारायची की बायांनो, तुम्ही असता तर काय केलं असतं, आणि साऱ्या बाया एकदम बोलायला लागायच्या. मी ते नाटक तसंच लिहिलंय. आपण चर्चमध्ये लहानाचे मोठे झालो, जिथं प्रवचनालाही बाकांवरून उत्तर येतं. एकजण बोलतो आणि बाकीचे गप्प बसतात, हे मला लिहिताच येत नाही. इथं डेला विचारते आणि समोरून खोकलासुद्धा येत नाही. लोक चांगले आहेत, भले आहेत, मखमलीत बसून विचारपूर्वक बघतात. माझी डेला आपली वाट बघत उभी राहते. काल ती आत येऊन म्हणाली की भिंतीशी बोलायचे पैसे वेगळे द्या.

हॅलोरनसाहेबांनी हिशेब सरळ मांडलाय. सोळा तारखेच्या शनिवारी वर्तमानपत्रवाले येणार. त्या दिवशी नाटक उभं राहिलं तर राहिलं, नाहीतर रविवारी पडदा पाडायचा. तोवर डेला लोकांना विचारून थांबते त्या सगळ्या जागा कापून टाक म्हणतात. ते कापले तर उरतं काय? एक बाई आणि एक टोपी.

मी ठरवलंय, दादा. शनिवारी नाही जमलं तर पेटवेसाहेबांना होकार कळवायचा आणि जूनमध्ये घरी जायचं. पस्तिशी उलटली. पुन्हा तळघरातून सुरुवात करायचं बळ आता माझ्यात नाही, आणि आत्या एकटी आहे हेही खरंच आहे. हे तिला कळवलंस तर तुझी-माझी कट्टी.

पण एक डाव शिल्लक आहे. आत्याला आणि चर्चच्या सगळ्या बायकांना त्या शनिवारी बोलावतेय. कारण सांगणार नाही. सांगितलं तर त्या ठरवून बोलतील, आणि ठरवून बोललेलं नाटकात लगेच उघडं पडतं. शिवाय युला आत्याला आणि व्हर्नेलबाईंना बोला म्हणून सांगायची वेळ आजवर कुणावर आलीय? विल्सनच्या बायका आणि गप्प, हे जन्मात घडायचं नाही.

थोरल्या भावाचा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
लवेरा

न्यूयॉर्क, ५ मे १९८१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. सोळा तारखेच्या शनिवारी दुपारच्या प्रयोगाला तू ये आणि चर्चच्या सगळ्या बायकांना घेऊन ये. चर्चची बस मिळेल ना? जागा मी राखून ठेवल्यात, मधल्या रांगांतल्या. माझ्यासाठी तो दिवस फार मोठा आहे. का, ते समोरासमोर सांगेन. व्हर्नेलबाईंना वगळू नकोस, त्या हव्यातच.

भेटीची वाट बघतेय, तोवर इथूनच गळामिठी.

तुझी,
लवेरा

विल्सन, १४ मे १९८१

चि. एल्डनास,
अनेक आशीर्वाद. सूनबाईस व मुलांस गोड पापे.

उद्या पहाटे आमची बस निघते. सदतीस बायका, सदतीस हॅट. तळलेलं कोंबडं, मक्याचा ब्रेड आणि रताळ्याचं गोड डब्यांत भरून तयार आहे. लवेरानं बोलावलंय. कारण लिहिलं नाही, पण फार मोठा दिवस आहे म्हणते. मी एवढं तरी ओळखते की मोठी मोठी माणसं येणार आहेत.

म्हणून मी एक गोष्ट केलीय, ती तुलाच सांगते. तू लहान होतास तेव्हा तुझे काका मला रॅलेला एक नाटक दाखवायला घेऊन गेले होते. आपल्या काळ्या माणसांना तेव्हा वर, माडीवरच बसवायचे. नाटकातली मुलगी वाईट माणसाबरोबर निघाली, तशी मी जागेवरून म्हणाले की अगं पोरी, जाऊ नकोस. अख्खं थिएटर वळून माझ्याकडे बघायला लागलं. दारावरचा माणूस आला आणि गप्प बसता येत नसेल तर बाहेर व्हा म्हणाला. काकांचं तोंड उतरलं होतं, ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. माझ्यापायी लवेराला तसली मान खाली घालायला लागली तर मी जिवंत कशाला राहू?

तेव्हा गेला आठवडाभर चर्चच्या तळघरात आमची गप्प बसायची तालीम चालू आहे. मी वर्तमानपत्रातल्या चिडायच्या बातम्या मोठ्यानं वाचते आणि बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. पहिल्या दिवशी पहिल्याच बातमीला व्हर्नेल उठून उभी राहिली. तिला आम्ही पेपरमिंटच्या गोळ्या दिल्यात. गोळी तोंडात असली की आमेन बाहेर पडत नाही. काल महापौरांचं अख्खं भाषण वाचून दाखवलं, कुणी हूं की चूं केलं नाही. आता मला घोर नाही.

तिला यातलं कळवलं नाही. प्रत्यक्षच बघू दे, तिची माणसं किती सभ्य आहेत ते. आशीर्वाद नेहमीचेच, ते शिळे होत नाहीत.

तुझी,
युला आत्या

न्यूयॉर्क, १७ मे १९८१

ती. एल्डनदादास,
सा. न. वि. वि.

दादा, हसू की रडू हे अजून ठरलेलं नाही, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

पडदा उघडायच्या आधी माझ्या बाया आल्या. मोरपंखी, लाल, पिवळ्या हॅट, पांढरे हातमोजे. मला वाटलं, सुटले. मी शेवटच्या रांगेमागे उभी राहिले. डेलानं पहिला प्रश्न विचारला. चिडीचूप. दुसरा विचारला. चिडीचूप. सदतीस जणी हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारख्या. व्हर्नेलबाईंचा गाल फुगलेला, त्यात काय होतं देव जाणे. वर्तमानपत्रवाले घड्याळं बघायला लागले. हॅलोरनसाहेबांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

मध्यंतरात आत्याकडे गेले. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की बघितलंस ना, एकीनंही श्वास मोठा घेतला नाही. मग रॅलेची हकीकत सांगितली, तालमीचं सांगितलं. दादा, तिचा चेहरा इतका फुलला होता. अशा वेळी खरं कसं सांगायचं? मी म्हणाले की फार छान, आत्या. आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन डेलाच्या धुण्याच्या गाठोड्यावर बसून रडले. मनातल्या मनात पेटवेसाहेबांना होकाराचं पत्रही लिहून टाकलं.

दुसरा अंक सुरू झाला. नवरा डेलाला सांगतो की दर ख्रिसमसला मी तुला पत्र टाकत होतो. डेला लोकांकडे वळून विचारते की बायांनो, तुम्ही शेजारच्या, याचं एक तरी पत्र या घरी आलेलं कुणी पाहिलं का? तिनं ते असं विचारलं, जणू आता तिला स्वतःलाच उत्तराची आशा उरली नव्हती. आणि मधल्या रांगेतून मोरपंखी हॅट उभी राहिली. आत्या म्हणाली की नाही आलं. आलं असतं तर पोस्टमननं आधी मला सांगितलं असतं.

बोलली मात्र आणि तिनंच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वरचा दिवेवाला घाबरला. कुणाला झीट आली समजून त्यानं प्रेक्षकांतले दिवे लावले. पण नवऱ्याचं काम करणारा आपला म्हातारा नट तयारीचा. तो आत्याकडे वळून म्हणाला की मावशी, तुम्ही आमच्या घरातल्या भानगडीत पडू नका. झालं. व्हर्नेलबाईंनी गोळी रुमालात काढली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग सदतीसच्या सदतीस. त्याला जेवायला देऊ नको, आधी टोपी काढायला लाव, दारातच उभा कर. डेला एकेकीला उत्तर देत होती आणि मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य, दादा, आपापल्या जागी येऊन बसत होतं.

आणि दिवे लागलेलेच होते. माणसांना एकमेकांची तोंडं दिसली. एक गोरे आजोबा उठून म्हणाले की त्याचीही बाजू ऐकून घ्या, तर त्यांची बायकोच त्यांना खाली बस म्हणाली. मग पुढच्या रांगा, मग माडी. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तळघरात आमच्याकडे एकच बल्ब होता, अंधार करताच यायचा नाही. इथं थिएटर मोठं मिळालं म्हणून मी हौसेनं लोकांना काळोखात बसवलं. काळोखात कोण कुणाशी बोलणार? चूक लोकांची नव्हती, माझीच होती.

रात्रीच्या प्रयोगाला मी सुरुवातीपासून दिवे अर्धे ठेवले. बाया परतीच्या वाटेवर होत्या, हॉलमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं, तरी तिसऱ्या प्रश्नाला कुणीतरी बोललंच. आज सकाळी हॅलोरनसाहेब म्हणाले की नाटक हिवाळ्यापर्यंत चालणार, आणि पुढचं नाटक माझंच, बसवायचंही मीच. त्यांनी त्या बायका रोज मिळतील का तेही विचारलं. मी म्हटलं, परवडायच्या नाहीत.

आता आत्याला हवं ते सांग, कट्टी रद्द. नाचत नाचत हे पत्र पेटीत टाकायला निघालेय.

तुझी,
लवेरा

विल्सन, ३० मे १९८१

चि. लवेरास,
अनेक आशीर्वाद.

परत येताना बसमध्ये एकीचाही डोळा लागला नाही. त्याला घरात घ्यावं की नाही यावरून व्हर्जिनिया ओलांडेपर्यंत भांडणं. व्हर्नेल म्हणाली की आपल्या पहिल्या नवऱ्याला तिनं दारातूनच परत पाठवलं होतं, आणि चूक केली का ते तिला आजही कळत नाही. आम्ही दोघी चाळीस वर्षं शेजारी राहतोय, तरी हे मला ठाऊक नव्हतं. पास्टरसाहेब म्हणतात की आता माझ्या प्रवचनात बायका नको तिथेही बोलतात. ते तुझ्या खात्यावर मांडलंय.

पेटवेसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगून आले की दुसरी बाई बघा, आमची लवेरा नाटकं लिहिते आणि बसवते. सांगताना आवाज जरा मोठा लागला, रस्त्यापलीकडच्यांनीही ऐकला म्हणतात.

काल एल्डनचं पत्र आलं. त्या दिवशी नाटक पडलं असतं तर तू जूनमध्ये कायमची घरी येणार होतीस, हे त्यानं आता लिहिलंय. गाढव. मी पोर्चवर बसून ते दोनदा वाचलं. म्हणजे आठवडाभर केलेली तालीम आणखी थोडा वेळ निभावली असती, तर आज या घरात तुझा आवाज असता. तुला घरी आणायला मला फक्त गप्प बसायचं होतं. पण बाई गं, डेलाचा तो टोपीवाला मेला धडधडीत खोटं बोलत होता.

लोभ आहेच, आणि आता तो मखमलीवरही आहे.

तुझी,
युला आत्या