दहा इंची दारं

शहापूर, नोव्हेंबर २००१

रंभाताई, तुला आणि भाऊजींना नमस्कार. कंबर कशी आहे? भात झोडून झालं का? तिकडे मुरबाडला थंडी पडली असेल, जप. मी इथे मजेत आहे. खोली ऐसपैस आहे (एकट्याला कुठलीही खोली ऐसपैसच). ऑफिसातली माणसं चांगली आहेत, फक्त आपापल्या कॉम्प्युटरकडे तोंड करून बसतात, त्यामुळे बोलणं कमी होतं.

आता झालेला घोटाळा सांगतो. घरांचे नकाशे पटपट निघावेत म्हणून मी लिस्प नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकतोय. जिन्याचा प्रोग्राम लिहिला, पायरीच्या मापाला ‘रुंदी’ नाव दिलं आणि ‘सेटक्यू’ लिहून त्यात दहा इंच भरले. पण हे नाव या प्रोग्रामपुरतंच आहे, असं आधी वर जाहीर करायचं असतं. मला वाटलं, भरलं म्हणजे झालं. जाहीर केलेल्या नावातलं माप काम संपलं की पुसलं जातं. नुसतं भरलेलं तसंच मागे राहतं. मग त्याच नकाशावर मी आमच्या साहेबांनी, शेलार सरांनी लिहिलेला दारांचा प्रोग्राम चालवला. त्यातही नाव ‘रुंदी’च. माप आधीच भरलेलं दिसलं, म्हणून त्यानं मला विचारलंच नाही. घरभर दहा इंची दारं बसली, आणि मी न बघता नकाशा छापून दिला.

घर सापगावच्या धाकलूकाकांचं (अंगानं चांगलेच भरलेले). त्यांनी दारावर बोट ठेवलं. “पोरा, आमी आत जायाचं कसं? का घर बांधून भायेरच बसायचं?” सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती जमलं. शेलार सर हसून हसून खाली बसले. शेजारच्या टेबलावरच्या सोनालीनं नावं कुठे जाहीर करायची ते उभ्यानंच दाखवलं. मग चहा आला. काकांनी गाव विचारलं, घरी कोण कोण विचारलं, आई गेल्याचं ऐकून माझ्या पाठीवर हात ठेवला. दुपारभर बोलत होतो ताई. माझा आवाज मलाच नवा वाटला.

संध्याकाळी चूक सुधारली. तेव्हापासून सगळं बिनचूक चाललंय आणि माझ्या टेबलाकडे कुणी येत नाही.

तुझा,
दीपेश

ता. क. प्रोग्रामात आणखी एक चूक ठेवून द्यावी, असं मनात आलं होतं. ठेवली नाही.

ता. क. आणखी एक. ऑफिसचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. एखाद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन कर. काय काम आहे असं कुणी विचारलं, तर घरचं आहे म्हण. काम नसलं तरी चालेल. काय बोलायचं ते मी फोनवर आलो की बघू.