भाजी निवडत होते

४ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बिट्टी सुखरूप पोचली. महिनाभर तू तिला सांभाळलंस म्हणून माझं नोकरीचं प्रशिक्षण पार पडलं, नाहीतर काही खरं नव्हतं. गाल चांगले भरलेत आणि तोंडही भलतंच चालायला लागलंय. काल मला म्हणाली, आजी तुझ्यासारखं पाल्हाळ लावत नाही.

एक गोष्ट मात्र फोनवर बोलता येत नाही, घर लहान आहे, म्हणून लिहिते. संध्याकाळी हे बस डेपोतून येतात, कुलपात किल्ली फिरते आणि ही हातातलं चित्रांचं पुस्तक झटकन धुण्याच्या टोपलीत खुपसते. मग साळसूद चेहऱ्याने मांडी घालून बसते. यांनी विचारलं, काय चाललंय, तर म्हणाली, भाजी निवडत होते. घरात भाजीचं पान नव्हतं! पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो. आता रोज तेच. हे जवळ गेले की अंग चोरते. पोरीला बापाची कसली भीती, आई? माझ्यामागे हे तिच्यावर ओरडले तर नसतील? विचारलं तर म्हणतात, छे. तुला काय वाटतं, लिही.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
मनू

९ जून

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पोरांना एकेक खूळ असतं. तू नाही का, नव्या चपला उशाखाली घेऊन निजायचीस? बिट्टीचा लपवालपवीचा खेळ असेल. चार दिवसांनी विसरेल. तू राईचा पर्वत करू नकोस.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो. तुझ्या बाबांचा कुत्रा, आपला साहेब, म्हातारा झालाय. तरी शेजारच्यांचं कुलूप वाजलं की शेपूट हलवत दाराशी जातो आणि तोंड पाडून परत येतो. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली हे त्याला कोण सांगणार. मला तरी कुठे रोज आठवणीत राहतं.

जावईबापूंना नमस्कार. पोरीच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरव.
आई

२० जून

ती. आईस,
शि. सा. न.

माझ्या हातून वाईट झालंय. बिट्टीचं खूळ जाईना, म्हणून मी यांना नको ते बोलले. पोर उगाच घाबरत नाही, काय केलंत ते कबूल करा, म्हणाले. हे चपला घालून बाहेर पडले. आता रात्री थोरल्या दिरांकडे झोपायला जातात. मी दार उघडलं की पोर दचकते, मग येऊ तरी कशाला, म्हणतात. जाऊबाईंनी आज मला रस्त्यात पाहून मान फिरवली. मी चुकतेय की बरोबर आहे, हेच कळेनासं झालंय. तुझ्याकडे असताना बिट्टी काही बोलली होती का? तिच्या बाबांबद्दल, ओरडण्याबद्दल? आठवून लिही.

तुझ्याशिवाय कुणाला विचारू?
मनू

२४ जून

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. त्यांचा काडीचा दोष नाही. बिट्टीने ते माझं बघून उचललंय. मागच्या पत्रात मी खेळ म्हणून लिहिलं, तेव्हाच मला सगळं कळलं होतं. भाजी निवडत होते, हे शब्दही माझेच. तुझ्या बाबांचं नाव खाली येईल म्हणून गप्प बसले असं मी मनाला सांगत होते. खरं म्हणजे मला माझीच लाज वाटत होती. आणि तेवढ्यासाठी मी तुझा संसार पणाला लावला.

तुझे बाबा माणूस वाईट नव्हते. माझ्या आजारपणात त्यांनी माझे केससुद्धा विंचरलेत. पण मी वाचताना दिसले की बिनसायचं. बाईसाहेब पंडित झाल्या, म्हणायचे, आणि जेवणं होईपर्यंत बोलायचे नाहीत. एकदा माझं अर्धवट वाचलेलं पुस्तक वाचनालयात परत देऊन आले आणि चारचौघांत सांगितलं, की यापायी आमच्याकडे स्वयंपाक करपतो. तेव्हापासून किल्ली वाजली की पुस्तक पिठाच्या डब्यात आणि मी परातीशी. परात रिकामी असली तरी.

मी वाचलंय, कुत्र्यांना खायला देताना दरवेळी घंटा वाजवली तर पुढे नुसत्या घंटेनेही त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. साहेबाला त्या किल्लीने शेपूट हलवायला शिकवलं, मला लपवायला. माणूस गेला. शेजारची किल्ली वाजली की अजून तो दाराशी धावतो आणि माझा हात डब्यात जातो. बिट्टीला मी वाचून दाखवत असले तरी जातो, आणि तिने विचारलं की तोंडातून तेच निघतं, भाजी निवडत होते. मी तिला एका शब्दाने शिकवलं नाही गं. ती नुसती बघत होती.

त्यांच्या आठवणीने मी रडते आणि त्यांच्याच किल्लीला घाबरते. दोन्ही खरं आहे. जावईबापूंपुढे उभं राहायला मला तोंड नाही. बिट्टीला पुन्हा माझ्याकडे पाठवलं नाहीस तरी मी रागावणार नाही.

आई

१ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र यांच्या हातात दिलं. डेपोच्या बाकावर बसून दोनदा वाचलं त्यांनी. मग म्हणाले, आपण पोरीला कधी ओरडलो ते आठवून आठवून वेड लागायची पाळी आली होती, शेवटी न केलेल्या गोष्टीची तिची माफीही मागितली. मला मान वर करवेना. आता घरी आलेत.

आई, तुला वाटतं मला ठाऊक नव्हतं. तुझ्या पुस्तकांच्या शिवणीत पीठ दिसायचं मला. सगळ्यांच्या घरी असंच असतं, असं वाटायचं. आणि खरं सांगू? यांची किल्ली वाजली की मीसुद्धा हातातलं काहीतरी खाली ठेवते. काय करत होतीस विचारलं की म्हणते, काही नाही. यांनी आजवर मला वाकडा शब्द बोललेला नाही. तरी संशय घ्यायला मला एक क्षण पुरला. ते मी कुणावरून शिकले, हे तुझ्या पत्रानेच कळलं. तुला बोल लावत नाही. माझीच मला लाज वाटते.

बिट्टी काल पुन्हा पुस्तक लपवून बसली. हे म्हणतात, सासूबाईंना बोलावून घे. बघून शिकलीय, तर बघूनच सुटेल. मी दार उघडत जाईन, त्यांनी खुशाल वाचत बसायचं.

ये लवकर. रागावली नाहीस ना?
मनू

६ जुलै

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी निघते. साहेब शेजारणीकडे राहील. तिलाच मी रोज दुपारी कुलूप वाजवायला लावते आणि इकडे पुस्तक घेऊन बसते. तिला वाटतं, बाईचं डोकं फिरलं. पहिल्या दिवशी पुस्तक सरळ पिठात गेलं. काल नुसता हात उचलला, पुस्तक मांडीवरच राहिलं. तुमच्या दाराशी काय होईल ते सांगता येत नाही. या वयात हात माझं ऐकतोच असं नाही.

म्हणून जावईबापूंना आधीच सांगून ठेव. दार उघडल्यावर मी भाजी निवडते म्हणाले, तर हसू नका. बिट्टीसमोरच मला विचारा, की काय वाचताय. मला आजवर हे कुणी विचारलेलं नाही.

तुम्हा तिघांना आशीर्वाद.
आई