फळीला हात कोणी लावला

प्रिय आई,

मी बरा आहे, खोकला गेला, तू विणलेले मोजे रोज घालतो. पण आज डोकं फिरलंय.

काल आमच्या हवामान मंडळात थर्लोने जाहीर करून टाकलं, "हिवाळा संपला. वारा समुद्रावरून वळलाय, आता येईल तो पाऊसच." मी म्हटलं, "अहो, आज मार्चची बारा तारीख. गेल्या वर्षी एप्रिलात गुडघाभर बर्फ पडला होता." तर इनिड म्हणते, "वॉरन, तुला बर्फ सोडवतच नाही रे." सगळे हसले.

आज सकाळी बघतो तर बंदरावरची माझी बर्फ मोजायची पांढरी फळी गायब. थर्लोने न विचारता उचलून मंडळाच्या खोलीत ठेवलेली. फळी ज्याची त्यानेच आत आणायची, आणि ती आणली की त्याचा हिवाळा संपला, एवढी साधी रीत या माणसाला कळू नये? मी भर पावसात ती परत जागेवर नेऊन ठेवली.

छपरावरचा बर्फ काढायला कोणी येतं ना? तू शिडीवर चढू नकोस.

नोव्हेंबरात बाबा गेले, तेव्हा निघताना मी म्हटलं होतं, हिवाळा संपला की येतो. विसरलेलो नाही. त्यांनी ऑक्टोबरात मांडलेली त्यांची बर्फाची फळी अजून अंगणातच असेल. तिला कोणालाही हात लावू देऊ नकोस, तूही लावू नकोस. शनिवारच्या बसने येतोय. आपण दोघं मिळून ती आत आणू.

तुझा,
वॉरन