हे उठलेच नाहीत

रविवार, १४ मार्च १९४८

हे उठलेच नाहीत!

 

वरून हुकूम आलाय – पक्षात वेगळा गट ठेवायचा नाही. गट मोडा, नाहीतर चालते व्हा. आमचा गट शेतकरी-कामगारांचा. महिनाभर आमच्याच माडीवर बैठका चालल्या होत्या. "सभेत आधी मी उठेन, माझ्यामागोमाग तुम्ही उठा." हे ह्यांचेच शब्द!

आज अध्यक्षांनी विचारलं, हुकूम कोणाला मान्य नाही? मी बायकांत बसले होते. ह्यांच्याकडे बघत राहिले. हे आपले टोपी सारखी करत बसलेले. शेवटी गेनबाच उठले. खराडीत मळा, मंडईत गाळा, आणि पक्षाच्याच तिकिटावर नगरपालिकेत निवडून आलेला माणूस. त्यांच्यामागून एकेक करत आमची सगळी मंडळी उठली. दारात गेनबा थांबले, वळले.

"ज्ञानदेवराव, येताय न्हवं?"

ह्यांनी मान खाली घातली.

 परतताना टांग्यात मी काही विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

सोमवार, १५ मार्च

विचारलं. चहा देता देता.

"अगं, आत राहिलं तरच काही करता येतं. बाहेर जाऊन काय, बोंबा मारत बसायचं?"

महिनाभर नेमकं ह्याच्या उलट सांगत होते. मी म्हटलं, मग गेनबांना का बाहेर काढलंत?

"मी कुठं काढलं? ते आपल्या पायांनी गेले."

आपल्या पायांनी! बेचाळीस साली हे भूमिगत असताना गेनबांच्या मळ्यात लपले होते. पोलिसांनी गेनबांना चौकीत नेऊन डावा पाय मोडला, तरी ह्यांचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. अजून लंगडतात. आणि हे म्हणतात, आपल्या पायांनी!

कप तसाच ठेवून उठले मी.

शनिवार, २० मार्च

गेनबांनी नगरपालिकेचा राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. मंडईत भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, पक्षाच्या नावावर निवडून आलो. पक्ष सोडला तर खुर्ची कशापायी धरून बसायची? पुन्यांदा उभा राहीन. लोकांनी दिली तर घेऊ." ह्यांच्याबद्दल अक्षर काढलं नाही. मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

मला तिथे उभं राहवेना.

गुरुवार, १ एप्रिल

शाळेत गेले तर मुख्याध्यापिका सुशीलाबाई म्हणाल्या, "अभिनंदन! पेढे कधी?"

कशाचे पेढे?

"अहो, पोटनिवडणुकीत पक्षाचे उमेदवार आपले यजमान. आपल्या घरातल्या बातम्या आपल्याला बाहेरून कळतात वाटतं?"

गेनबांनी सोडलेली जागा – आणि तिथे हे!! वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलींना वाटलं काहीतरी लिहिणार आहे. 

शुक्रवार, २ एप्रिल

ह्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि शाळेत निघून गेले. 

शनिवार, १० एप्रिल. पाडवा.

गुढी उभारून खाली उतरते तोच दारात वेणूबाई. गेनबांची बायको. पदर धड नाही, पायात वहाणा नाहीत. काल हमालांचा मोर्चा निघाला होता, गेनबा पुढे होते. पहाटे घरातून धरून नेलं. खटला नाही, काही नाही – सुरक्षेचा कायदा म्हणे. गटातली बाकीची मंडळी पांगली आहेत.

बेचाळीसला येरवड्याच्या तुरुंगात आम्ही दोघी एका बराकीत होतो. तिथे कधी रडली नव्हती. आज उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, इंग्रजानं धरलं तवा मी त्याला शिव्या दिल्या. आता कुनाला देऊ?"

मी आत गेले. म्हटलं, "अहो, मंत्र्यांना तार करा. आत्ता."

"कायदा आपलं काम करेल."

"इंग्रज हेच म्हणायचे."

हे ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. खाली बसले. "कौशल्या, मला काय आनंद झालाय असं वाटतं तुला? तारुण्य सगळं तुरुंगात गेलं गं. आता कुठं दोन माणसं मानानं विचारायला लागलीत. पुन्हा रस्त्यावर नाही जाववत मला. नाही जाववत."

खरं बोलले. सभेपासून पहिल्यांदा. मला क्षणभर वाईट वाटलं त्यांचं. पण दारात वेणूबाई बसलेली होती.

तार केली नाही ती नाहीच.

सोमवार, १२ एप्रिल

गेनबांना तुरुंगातून उमेदवारीचा अर्ज भरायला परवानगी नाकारली. उद्या शेवटचा दिवस. पक्षाची माणसं माडीवर बसून हसत होती. "ज्ञानदेवराव, बिनविरोध!" मी चहाचे कप नेऊन ठेवले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

बिनविरोध! गेनबांच्या जागेवर, गेनबा कोठडीत असताना, विरोध करायला कोणी नाही म्हणून!

मंगळवार, १३ एप्रिल

अर्ज भरला. कारकुनानं नाव मोठ्यानं वाचलं – कौशल्या ज्ञानदेव कोंढरे – आणि चष्म्यावरून बघितलं. "बाई, काही गफलत होतेय का? उमेदवार तर आपले यजमान आहेत."

"हो," म्हटलं. "त्यांच्याच विरोधात."