जाऊबाईंचा जपानी झाडू

मुदखेड, रविवार, संध्याकाळ

डोकं लई तापलंय. थोरल्या जाऊबाई जपानहून आल्यात. आल्या आल्या मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यांची सई तिथल्या शाळेत झाडू मारतानाचा फोटो. "तिकडं लेकरंच रोज वर्ग झाडतात. याला संस्कार म्हणतात!"

संस्कार? मागच्या वेळी याच बाई माझी इस्लापूरची शाळा बघायला आल्या होत्या. माझ्या वर्गातली पोरं व्हरांडा झाडत होती, त्याचा व्हिडिओ काढून यांनी फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, 'इथे लेकरांना राबवतात.' नोटीस मला आली. तेव्हापासून मी पोरांच्या हाताला झाडू लागू देत न्हाई.

म्हणजे झाडू तिकडं संस्कार आणि इकडं राबवणं? तोंडावर विचारणार होते. पण सासूबाई बसल्या होत्या, गिळलं.

मग सगळ्यांनी सीताफळं खाल्ली. साली, बिया, सगळं फरशीवर. सई आपणहून झाडू घ्यायला उठली, तर जाऊबाई म्हणतात, "बस गं तू, काकू झाडते ना!"

काकू म्हणजे मी.

कचरा अजून तिथंच पडलाय. झाडू जाऊबाईंच्या बॅगेवर ठेवून आलेय. होऊ दे संस्कार.